फोटोतला मासा आणि मी

मी एक गळाची काठी. गेल्या मार्चमध्ये माझं टोक मोडलं, तेव्हापासून मला नदीचं तोंड पाहायला मिळालेलं नाही. आयडाहोतल्या एका विद्यापीठाच्या गावात, संसारी विद्यार्थ्यांना देतात तसल्या दोन खोल्यांच्या घरात सध्या माझा मुक्काम आहे. न्हाणीघराच्या दारापासून खिडकीपर्यंत मला आडवं टांगलेलं असतं आणि माझ्यावर एका तान्ह्या मुलीची दुपटी वाळत असतात. दुपटी ओली असतात, त्यामुळे पाण्याशी माझा संबंध अगदीच तुटला असं काही म्हणता येणार नाही.

काठीला कसलं आलंय चरित्र, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. पण वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात सध्या एका माशाबद्दल बरंच काही सांगितलं जातंय, आणि त्यातलं खरं किती ते माझ्याखेरीज फक्त चार माणसांना ठाऊक आहे. त्या चौघांपैकी कोणी तोंड उघडणार नाही. म्हणून मी बोलतेय.

जन्माने मी बांबू. चीनमधल्या कुठल्याशा टेकडीवर वाढले. तिथून बोटीने अमेरिकेत आले आणि एका कारखान्यात माझ्या उभ्या चिरफळ्या केल्या गेल्या. त्यातल्या सहा निवडून, रंधून, सरसाने पुन्हा एकत्र चिकटवल्या. वाटण्या झालेल्या सहा भावांना परत एका घरात नांदायला लावावं तसा हा प्रकार, पण आम्ही नांदलो. वरून रेशमी धाग्याचे वेढे, त्यावर वॉर्निश, मुठीला बुचाचं लाकूड. नऊ फूट लांबी, दोन तुकडे. हे झालं एकोणीसशे एकोणपन्नास साली.

माझा पहिला मालक अर्ल. डोंगरातल्या नदीकाठच्या एका गावात त्याचं केशकर्तनालय होतं, पण ते उघडं कमी आणि बंद जास्त असायचं. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर खुर्चीत बसलेलं असताना बाहेर ढग उतरले, तर अर्ल त्याची उरलेली दाढी इतक्या झपाट्याने उरकायचा की त्या गावात कापलेल्या हनुवट्यांवरून नदीला मासे कधी आले होते ते सांगता यावं.

अर्लचा एक नेम होता. किडा, गांडूळ, मांसाचा तुकडा असलं काही तो गळाला लावायचा नाही. पिसं, केस आणि दोरा गळावर गुंडाळून तो खोट्या माश्या बांधायचा आणि त्या पाण्यावर फेकायचा. माशाला वाटावं काहीतरी जिवंत वाहत चाललंय, आणि त्याने झडप घालावी. केस तो दुकानातलेच वापरायचा. गावातली निम्मी लाल केसांची मंडळी आयुष्यात एकदा तरी माशाच्या तोंडी जाऊन आली आहेत, फक्त त्यांना त्याचा पत्ता नाही.

त्या नदीत ट्राउट होते आणि स्टीलहेड होते. ट्राउट हा घरकोंबडा; नदीत जन्मतो, नदीतच म्हातारा होतो. स्टीलहेड त्याचाच भाऊबंद, पण पायाला भिंगरी. लहानपणीच समुद्र गाठतो, तिथे खाऊनपिऊन दांडगा होतो आणि मग प्रवाहाच्या उलट पोहत शेकडो मैल परत येतो. ट्राउट लागला की मी वाकते. स्टीलहेड लागला की माझ्या सहाही चिरफळ्यांना आपण वेगळ्या होतो त्याची आठवण येते.

मासे पकडणारी माणसं खोटं बोलतात, हे मला अर्लकडे असतानाच कळलं. पाण्यातून काढताना वीतभर असलेला मासा दुकानात पोचेपर्यंत हातभर व्हायचा आणि नाताळापर्यंत त्याची आणखी वाढ होत राहायची. मेल्यावर इतका वाढणारा दुसरा प्राणी मी पाहिलेला नाही. अर्लच्या हातात मी तेहतीस वर्षं हे ऐकलं आणि गप्प राहिले.

ब्याऐंशी साली अर्ल गेला. त्याच्या बायकोने, डॉरथीने, मला गॅरेजमधल्या खिळ्यांवर ठेवलं. तोपर्यंत माझ्या जातीच्या काठ्यांचे दिवस सरले होते. नव्या काळ्या, हलक्या काठ्या आल्या होत्या, आणि बांबू म्हटलं की तरुण पोरं आजोबांचा कोट पाहिल्यासारखं हसायची. दोन वर्षं एका आठ पायांच्या कोळ्याने माझ्यावर जाळं विणून संसार केला. मला त्याचा राग नाही, कोणीतरी वापरतंय एवढंच बरं वाटायचं.

चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात डॉरथीने घरातलं जुनं सामान अंगणात मांडून विकायला काढलं आणि तिथे दिगंबर आला.

दिगंबर नागपूरचा. खाणकामाच्या इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करत होता. अंगाने किरकोळ, चष्मा जाड, आणि घराणं असं की अंडं आणलं तर ते वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या दाराने. अशा माणसाला गळाची काठी कशाला हवी होती, तर बायकोसाठी.

त्याची बायको सुलेखा वेंगुर्ल्याजवळच्या खेड्यातली, मासळीवर वाढलेली. दोघांची ओळख मुंबईत शिकताना झाली आणि लग्नाला दोन्ही घरांनी जरा वेळ घेऊन होकार दिला. तिच्या आईने होकार देताना म्हटलं होतं म्हणे, की मुलगा लाखात एक आहे, पण माझी पोर गवत खाणाऱ्यांच्या घरी चालली. हे वाक्य दिगंबरच्या मनात तेव्हापासून काट्यासारखं रुतून बसलं होतं.

आता सुलेखाला तिसरा महिना लागला होता आणि डोहाळे लागले होते ते एकाच गोष्टीचे. तिला ताज्या माशाचं तिखलं, म्हणजे कोकणातलं झणझणीत कालवण हवं होतं, आईच्या हातचं, तिरफळं घातलेलं. समुद्र तिथून पाचशे मैलांवर. दुकानात मासे मिळायचे ते बर्फात थिजलेले, आणि त्यांचा वास आला की ती तोंडाला पदर लावून न्हाणीघराकडे धावायची. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो, असं तिच्या आईने पत्रात लिहिलं होतं. दिगंबरचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण कान बाळाचा, तिथे प्रयोग कोण करून पाहणार?

त्याने डॉरथीला अगदी हळू आवाजात विचारलं की गांडूळ न लावता मासा पकडता येतो का. जिवंत किडा गळावर ओवणं त्याच्याने होणार नव्हतं. डॉरथी त्याच्याकडे बघत राहिली आणि मग आत जाऊन मला घेऊन आली. सोबत अर्लच्या माश्यांचा डबा आणि छातीपर्यंत येणारी त्याची रबरी विजार. ही मासेमारीतली सगळ्यांत अवघड विद्या आहे, हे तिने सांगितलं नाही. सायकलची भीती वाटते म्हणून एखाद्याने घोडा विकत घ्यावा, तसं दिगंबरने मला घेतलं.

पुढचे सहा आठवडे मी जे सोसलं ते बांबूच्या जन्माला आलेल्या कोणालाही सोसावं लागू नये. त्याने आधी कागदावर हिशेब मांडला. काठीची लांबी, दोरीचं वजन, मनगटाचा कोन, वाऱ्याचा वेग. आकडे सुरेख होते, पण माशांनी ते वाचलेले नसावेत. मग घरासमोरच्या हिरवळीवर सराव सुरू झाला. मनगट घड्याळाच्या दहावर आणि दोनवर थांबवायचं असतं, हे त्याने पुस्तकात वाचलं होतं. तो पावणेबारावर थांबवायचा. दोरी त्याच्याच गळ्याभोवती यायची आणि शेजारची कोरियन मुलं पायरीवर ओळीने बसून पाहायची.

नदीवर गेल्यावर अर्लच्या विजारीत तो दोनदा बुडाला. माझ्या गळाला त्या महिन्याभरात एक देवदार, त्याची स्वतःची टोपी, कुंपणाची तार आणि विनयचा स्वेटर लागला. विनय हा पुण्याचा, त्याचाच सहाध्यायी, पिढ्यान्‌पिढ्यांचा शाकाहारी. सोबत म्हणून यायचा, किनाऱ्यावर बसून थर्मासमधला चहा प्यायचा आणि "दिगू, कॅन्सल करू यार, थंडी वाजतेय" असं दर दहा मिनिटांनी म्हणायचा. मासा मात्र एकही नाही. नोव्हेंबरात बर्फ पडायला लागला.

तेवढ्यात सासूबाईंचं निळं एअरोग्राम आलं. त्यांनी विचारलं होतं, डोहाळे पुरवलेत ना? कुठला मासा खाल्ला माझ्या सुलेखाने?

सुलेखा लिहिणार होती की नाही मिळाला, पण मी ठीक आहे. दिगंबर तिला म्हणाला, थांब, मी उत्तर देतो. दुसऱ्या दिवशी तो आणि विनय सुपरमार्केटमधून एक ट्राउट घेऊन परस्पर नदीवर आले. घरी न्यायची सोय नव्हती, सुलेखाला वास सोसला नसता. बर्फ वितळेपर्यंत त्यांनी मासा गाडीच्या हीटरसमोर धरला. मग तो माझ्या गळाला अडकवला. दिगंबर अर्लची विजार चढवून घोटाभर पाण्यात उभा राहिला आणि त्याने मला असं वाकवून धरलं की जणू नुकतीच झुंज संपलीय. विनयने फोटो काढला.

मला काठीचा जन्म दिला, तोंड दिलं नाही, याचं इतकं दुःख कधी झालं नव्हतं. कारण त्या माशाचं पोट चिरलेलं होतं. दुकानदाराने आतडी काढून, धुऊन, साफसूफ करून विकलेला मासा तो. गळ्यापासून शेपटीजवळपर्यंत सरळ उघडी रेघ. आणि हे दोघे विद्वान त्याच्याकडे कौतुकाने पाहत होते. त्यांच्या सात पिढ्यांत कोणी मासा हाती धरलेला नव्हता. मासे दुकानात असे दिसतात, म्हणजे नदीतही असेच पोहत असणार, असा त्यांचा साधा हिशेब.

फोटोच्या मागे दिगंबरने सुबक अक्षरात लिहिलं, "आमच्या नदीतला, आजच पकडलेला." आणि पाकीट कोकणात रवाना झालं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण सुलेखाने एकदा देश सोडला तर परतीच्या व्हिसाची खात्री नव्हती, आणि दिगंबरचा प्रबंध अर्ध्यावर. तेव्हा लेक माहेरी जाऊ शकत नाही म्हणून माहेरच लेकीकडे यायला निघालं. फेब्रुवारीत आई आल्या. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या होत्या आणि तीन विमानं बदलून आल्या होत्या. सोबत एक वळकटी आणि एक पेटी. पेटीतून आमसुलं निघाली, डिंकाचे लाडू निघाले, तिरफळांची पुरचुंडी निघाली आणि दुपट्यांसाठी वापरून मऊ झालेली लुगडी निघाली. सुलेखाने तिरफळांची पुरचुंडी नाकाशी धरली आणि ती रडायला लागली. आईंनी तिला थोपटलं. मग त्यांची नजर कोपऱ्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे गेली आणि तिथेच जरा रेंगाळली.

पंधरा दिवस त्या काही बोलल्या नाहीत. जावई तो जावई, त्याचा मान राखायचा. पहिली पोळी त्याच्या ताटात, तूप त्याला आधी. फक्त वाढता वाढता एखादा प्रश्न असायचा. इथे मासा पकडल्यावर लगेच साफ करतात का, जावईबापू? दिगंबर म्हणायचा, हो, म्हणजे, घरी आल्यावर. असं होय, म्हणत त्या आणखी थोडी भाजी वाढायच्या. दुसऱ्या दिवशी विचारायच्या, सुरी बरोबर नेत असाल ना नदीवर? दिगंबरला ठसका लागायचा. मला तर वाटतं त्या पंधरा दिवसांत त्यांनी इतकी मजा केली की नायगारा दाखवला असता तरी तेवढी आली नसती.

मग एके दुपारी सुलेखा झोपलेली असताना त्यांनी दिगंबरच्या चहाच्या कपाशेजारी तो फोटो ठेवला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "साठी आली माझी. जन्म कोकणात गेला. पण आधी पोट साफ करून घेऊन मग गळाला लागणारा मासा मी पहिल्यांदाच पाहिला."

दिगंबरने फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. ती रेघ त्याला तेव्हा पहिल्यांदा दिसली. मग त्याचा चेहरा असा झाला की मलाच त्याची दया आली. त्याने सगळं सांगून टाकलं. गांडूळ, स्वेटर, हीटर, सगळं. आई पदरात तोंड घालून हसल्या, डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं की म्हणजे सुलेखाने आजवर एकदाही ताजा मासा खाल्ला नाही ना? दिगंबरने मान हलवली. तो म्हणाला, "तुमच्या मुलीला मी एवढंही देऊ शकलो नाही, आई." हे त्याने इतक्या खालच्या आवाजात म्हटलं की मी कोपऱ्यात नसते तर मलाही ऐकू आलं नसतं.

आई उठून माझ्याकडे आल्या, मला हातात घेतलं, अंगठ्याने माझ्या पाठीवरून वरपासून खालपर्यंत चाचपलं आणि नखाने दोन टिचक्या मारल्या. बांबू आहे, म्हणाल्या, आणि जुना आहे. लहानपणी घरामागच्या खाडीत त्या भावांबरोबर गरवायला जात. गरवणं म्हणजे गळ टाकून मासे धरणं, असं त्यांनी जावयाला समजावून सांगितलं. तेव्हाची काठी अशीच होती, फक्त हिच्यासारखी नटलेली नव्हती. अर्लनंतर पहिल्यांदा मला कोणीतरी ओळखीच्या हाताने धरलं होतं. मला काय वाटलं ते सांगत बसत नाही.

रविवारी नदीवर जायचं ठरलं. सुलेखाला आठवा सरत आला होता, तरी मी गाडीतून उतरणार नाही या बोलीवर ती निघालीच. आईंनी पहाटे उठून सुपरमार्केटमधला नारळ फोडला, मिरच्या भिजवल्या आणि वाटण वाटून ठेवलं. बाजारात तुरी, म्हणून सुलेखा हसली. आई म्हणाल्या, तुरी नाही आणल्या, नारळ आणलाय.

नदी मार्चची होती. वर डोंगरमाथ्यावर बर्फ, खाली काठाला ओली काळी माती, मध्ये हिरवं, थंडगार पाणी. आईंनी लुगड्यावर दिगंबरचं जाडजूड जाकीट घातलं होतं आणि पायात सुलेखाचे बर्फाचे बूट. काठावरच्या एका म्हाताऱ्या अमेरिकन माणसाने त्यांना पाहून टोपी काढली. बहुधा इतकी तयारीची मच्छीमार बाई त्याने आधी पाहिली नसावी.

दिगंबरने सवयीप्रमाणे दूर, मधल्या खळाळात दोरी फेकायला सुरुवात केली. आई काठावर नुसत्या पाहत उभ्या राहिल्या. अर्ध्या तासाने त्यांनी त्याला बोलावलं. इतक्या लांब कशाला फेकता, म्हणाल्या. ज्याला चढ चढायचा आहे तो मधल्या रस्त्याने धावत नाही, कडेकडेने जातो आणि दम लागला की आडोशाला टेकतो. त्यांनी बोट दाखवलं ते काठापासून तीन हातांवरच्या एका काळ्या दगडाकडे. त्याच्या मागे पाणी जरासं संथ होतं. ऑक्टोबरापासून दिगंबर नेमका तिथूनच पाण्यात उतरत आला होता. अर्लसुद्धा नव्या माणसांना हेच सांगायचा, फक्त त्याला सांगायला दोन तास लागायचे.

दिगंबरने अर्लची लाल केसांची माशी त्या दगडामागे सोडली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा दोरी थांबली.

मी ओळखलं. माझ्या पायापासून टोकापर्यंत सहाही भाऊ जागे झाले. मासा एकदा पूर्ण पाण्याबाहेर आला, चकाकला आणि खालच्या वळणाकडे धावत सुटला. दोरीचं रीळ ओरडू लागलं, दिगंबर त्याच्या मागे काठाने धावू लागला, आई त्याच्या मागे. तो गुडघ्यांवर पडला, उठला, पुन्हा पडला, पण त्याने मला सोडलं नाही. ओढू नका, जाऊ द्या, थकला की घ्या, असं आई मागून सांगत होत्या आणि पहिल्यांदाच तो कुठलाही कोन न मोजता ऐकत होता. वीस-पंचवीस मिनिटं हे चाललं. शेवटी मासा काठाशी आला, आणि आनंदाच्या भरात दिगंबरने मला सरळ आकाशाकडे उभं केलं. तसं कधी करायचं नसतं. माझं टोक कडकन मोडलं.

दोरी तरी शाबूत होती. आईंनी ओचा खोचला आणि गुडघाभर पाण्यात शिरून माशाला शेपटीच्या सांध्यापाशी पकडलं. दोन हात लांब स्टीलहेड. मी वीतभराचा हातभर करणाऱ्यांतली नाही, दोन हात म्हणजे दोन हात. तो ठेवायला कायद्याची हरकत नव्हती, परवाना दिगंबरच्या खिशात होता. सुरीसुद्धा होती. या खेपेला तो विसरला नव्हता.

आईंनी त्याला उचलायला पोटाखाली हात घातला आणि त्यांच्या तळहातावर चार-पाच नारिंगी दाणे ओघळले. मोत्यांएवढी, ताजी अंडी. त्या तशाच थांबल्या. गाभोळी आहे, म्हणाल्या. मासा नव्हता तो, मादी होती.

आईंनी आयुष्यभर गाभोळी आवडीने खाल्ली होती, हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं. पण त्या वेळी त्यांचे हात हलेनात. दिगंबर विचारत होता, आता काय करायचं? त्यांनी वर रस्त्याकडे पाहिलं. सुलेखा बोली मोडून गाडीतून उतरली होती आणि एक हात कमरेवर ठेवून सावकाश खाली येत होती.

"तुझ्यासाठी धरलाय," आई तिला म्हणाल्या. "तूच सांग."

सुलेखाने तो ओला तळहात पाहिला, मग पाण्यात धापा टाकणारी ती मादी पाहिली. ही आली कुठून, तिने विचारलं. माशांचे आकडे पाठ होते ते दिगंबरला. त्याने सांगितलं की ही याच नदीत वर कुठेतरी जन्मली. समुद्रात गेली, दोन वर्षं राहिली आणि आता पाचशे मैल उलटी पोहत आलीय. वाटेत आठ धरणं चढलीय. अंडी घालायला यांना आपलीच नदी लागते, दुसरी चालत नाही.

सुलेखाने प्रवाहाच्या वरच्या अंगाला पाहिलं. मग म्हणाली, "बाळंतपणाला माहेरी आलीय ही."

तिने आईकडे पाहिलं.

"मला जाता आलं नाही, आई. हिला तरी जाऊ दे."

आईंचे डोळे भरून आले. जावयाशी बोलताना जपलेली पुस्तकी भाषा त्या क्षणी त्यांना आठवली नाही. "सोडा तिका," त्या म्हणाल्या. "माहेराक इलेली आसा ती."

दिगंबरने गळ काढला. आईंनी मादीचं तोंड प्रवाहाकडे करून तिला पाण्यात धरून ठेवलं, तिचे कल्ले नीट हलेपर्यंत. मग हात सैल केले. ती क्षणभर त्यांच्या हातांतच थांबली आणि काळ्या दगडाच्या कडेने वर निघून गेली. कॅमेरा गाडीत होता. कोणाला त्याची आठवण झाली नाही.

काठावर बसल्यावर सुलेखाने आईचा तळहात ओढून घेतला आणि नाकाशी धरला. ताज्या माशाचा वास. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिला मळमळलं नाही. ती तो हात धरून डोळे मिटून किती तरी वेळ बसली होती, आणि आईंना थंडीने हुडहुडी भरली तरी त्यांनी हात काढून घेतला नाही.

वाटण वाया जाऊ नये म्हणून त्या संध्याकाळी त्यात बटाटे शिजले, तिरफळं घालून. सुलेखाने तीन वेळा भात घेतला. दिगंबरही तिखलं जेवला, कुठलाही नेम न मोडता.

एप्रिलच्या मध्यावर मुलगी झाली. कान दोन्ही उत्तम आहेत, मी रोज रात्री त्या कानांची कसोटी घेणारं रडणं ऐकते. आई जूनमध्ये परत गेल्या आणि जाताना तो फोटो मागून घेऊन गेल्या. परवा त्यांचं पत्र आलं. त्यांनी फोटोला चौकट करून ओटीवर लावलाय आणि आल्यागेल्याला सांगतात की आमच्या जावयाने हा स्वतः नदीत धरला. दारावर मासळी विकायला येणाऱ्या बाईने टोपली उतरवून विचारलं म्हणे, वहिनी, याचं पोट कसं हो चिरलेलं? आईंनी सांगितलं, अमेरिका आहे ती, तिथे असेच निघतात. दिगंबरने हे मोठ्याने वाचलं आणि मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसला.

तर असं आहे. जो मासा कोणी पकडलाच नाही त्याचा फोटो कोकणात मानाने लागलाय, आणि जो पकडला त्याची खूण म्हणजे माझं मोडलेलं टोक. अर्लच्या काळापासून मी खोटं ऐकत आलेय, पण या एका खोट्याला माझी हरकत नाही.

परत जायचं की इथेच राहायचं, यावर या घरात रोज रात्री चर्चा होते आणि रोज ती उद्यावर जाते. मला त्यातलं कळत नाही. मला एवढंच दिसतं की आजीच्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळलेली ही पोर याच नदीच्या काठची आहे. उद्या ती कुठल्या समुद्राला जाईल ते जावो. पण कधी तरी, पोट सांभाळत, परत यावंसं वाटलं, तर तिचं माहेर इथेच असेल.

दिगंबर, प्रबंधातून वेळ मिळाला की माझं टोक बसवून घे. ती येईल तेव्हा दाराशी मला मोडक्या टोकाने उभं राहायचं नाही.